स्वतःला हांक मारणारा सांचा



पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकल कामशेत सोडून मळवलीस थांबते, तेव्हां गाडीच्या दोन्ही अंगांस सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें शिल्पकाम डोंगरांत उभें असतें. उत्तरेस कार्लें, दक्षिणेस भाजें. कार्ल्याचें चैत्यगृह भारतांतील खोदीव चैत्यगृहांत सर्वांत मोठें म्हणून विख्यात आहे. भाज्याचें त्याहून लहान, पण वयानें वडील, इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें. दोन्ही ठिकाणीं दर्शनी बाजूस घोड्याच्या नालाच्या आकाराची एक भव्य कमान आहे. प्रवासी ती पाहतो, वाहवा करतो आणि आंत शिरतो. तिच्या कडेची भिंत मात्र फार थोडे लोक न्याहाळतात. त्या भिंतीवर त्याच कमानीच्या लहान लहान प्रतिकृति ओळीनें कोरलेल्या आहेत. रूप तेंच, वळण तेंच, फक्त माप बदललेलें. कारागिराच्या मनांत आलें असतें तर धाकट्या कमानीच्या अंगावर तिच्याहून धाकटी, तिच्या अंगावर आणखी धाकटी, असें तो करीत गेला असता. पण छिन्नीच्या टोंकाहून बारीक कमान दगडांत खोदतां येत नाहीं. कोठें थांबावें हें तेथें दगडच सांगतो.

आजचें भाषण लेण्यांवर नाहीं. संगणकाच्या एका भाषेंत हाच प्रकार अक्षरांनीं करतात. आणि तेथें ‘आतां पुरे’ म्हणणारा दगड नसल्यामुळें जे घोटाळे होतात, त्यांविषयीं तें आहे.

मळवली, कामशेत, तळेगांव या पट्ट्यांतून रोज सकाळीं पुण्याच्या दिशेनें जाणाऱ्या गर्दींत हिंजवडीच्या कचेऱ्यांतून प्रोग्रॅम लिहिणारे तरुणहि असतात. त्यांच्या घरच्या वडील मंडळींस मुलगा दिवसभर नेमकें काय करतो याचा उलगडा सहसा नसतो. रात्रीं तो पानावर गप्प कां, हेंहि कळत नाहीं. कधीं कधीं कारण इतकेंच असतें, कीं त्याचें लिखाण शुद्ध असूनहि यंत्र तें अशुद्ध म्हणून परत करतें. किंवा, त्याहून वाईट, यंत्र तें मुकाट्यानें स्वीकारतें आणि उत्तर मात्र चुकीचें देतें. दोष लिहिणाऱ्याचा कीं अवजाराचा, हा निवाडा कित्येक दिवस लागत नाहीं.

अवजार म्हणजे कंपायलर. संगणकाच्या अंतर्यामीं चालणारी भाषा केवळ आंकड्यांची. माणूस लिहितो ती भाषा निराळी. मध्यें दुभाष्या लागतो, आणि त्या दुभाष्यास कंपायलर म्हणतात. हा दुभाष्या दुसरातिसरा कोणी नसून एक प्रोग्रॅमच होय. माणसांनीं लिहिलेला, म्हणून चुकीस पात्र.

ज्या भाषेची ही हकीकत आहे ती सी प्लस प्लस. बियार्न स्ट्राउस्ट्रप यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७९ पासून ती घडवीत आणली, आणि १९८८ सालीं तींत टेम्प्लेट, म्हणजे सांचा, आणण्याची योजना मांडली. सांच्याची कल्पना गृहिणींस समजावून सांगण्याची गरज नाहीं. सोऱ्या एकच, एक चकती घातली कीं शेव, दुसरी घातली कीं चकली. त्याचप्रमाणें, ‘दोन वस्तूंतील मोठी कोणती’ हें ठरविणारा मजकूर एकदांच लिहावा. पूर्णांक दिले कीं कंपायलर त्यांतून पूर्णांकांचें फंक्शन पाडतो, अपूर्णांक दिले कीं अपूर्णांकांचें. लिहिणाऱ्याचे श्रम वांचतात आणि नकलांतील चुका टळतात.

दुसरी कल्पना आवर्तनाची. फंक्शननें आपलें काम करतांना स्वतःलाच हांक मारावी, याला आवर्तन म्हणतात. एकपासून पांचपर्यंतच्या अंकांची बेरीज हवी असेल तर म्हणावें, पांच अधिक चारपर्यंतची बेरीज. चारपर्यंतची म्हणजे चार अधिक तीनपर्यंतची. असें उतरत शून्यास पोंचलें कीं उत्तर शून्य, आणि मग पायरीपायरीनें वर येऊन बेरीज पुरी. यांत अवघड कांहींच नाहीं. शून्यापाशीं थांबावें एवढें विसरतां कामा नये.

या दोन कल्पना एकत्र आल्या म्हणजे मात्र गोष्ट बदलते, आणि ती कां बदलते हें नीट ध्यानांत घेण्याजोगें आहे. प्रोग्रॅमच्या आयुष्यांत दोन काळ असतात. एक स्वयंपाकाचा, दुसरा पंगतीचा. कंपायलर भाषांतर करतो तो स्वयंपाक. तयार प्रोग्रॅम चालतो ती पंगत. साधें आवर्तन पंगतींत घडतें. वाढपी पानागणिक फिरतो, पानें संपलीं कीं थांबतो. परंतु पांच, चार, तीन हे अंकच जर सांच्याच्या चकत्या असतील, तर पांचासाठीं एक फंक्शन, चारांसाठीं दुसरें, तीनांसाठीं तिसरें, हीं सारीं स्वयंपाकाच्या वेळींच पाडून ठेवावीं लागतात. म्हणजे आवर्तन आतां प्रोग्रॅमला करावयाचें नसून कंपायलरला करावयाचें आहे.

नवशिका येथेंच फसतो. तो सांच्यांत साधी अट घालतो: शून्य असेल तर थांब, नाहीं तर एकानें लहान अंकास हांक मार. वाचणाऱ्यास ही अट निर्दोष वाटते. पण अटीची कोणती वाट चालावयाची हा पंगतीचा प्रश्न; स्वयंपाक्याला दोन्ही वाटांची तयारी करावीच लागते. म्हणून शून्यासाठीं फंक्शन पाडतांनाहि कंपायलर त्यांतील दुसरी वाट वाचतो, तेथें उणें एकाचें नांव पाहतो, आणि उणें एकासाठीं फंक्शन पाडावयास बसतो. मग उणें दोन, उणें तीन. याला अंत नाहीं. ज्या वाटेनें कोणी कधींच जाणार नाहीं, ती वाट बांधतां बांधतां बिचारा खचतो.

भाज्याच्या चैत्यगृहांत याला एक जुना दाखला आहे. तेथील खांब सरळ उभे नाहींत. ते आंतल्या बाजूस कललेले आहेत. लांकडी इमारतींत छपराचा रेटा सोसण्यासाठीं खांबांना असा कल देणें युक्त होतें. सबंध डोंगर कोरून काढलेल्या लेण्यांत छपराचा रेटा कुठला? तरीहि कारागिरांनीं कल जसाच्या तसा कोरला, कारण लांकडाचें दगडांत भाषांतर करतांना मूळांतील प्रत्येक गोष्ट उतरविण्याची त्यांची प्रतिज्ञा होती. कंपायलरहि असाच प्रामाणिक भाषांतरकार होय.

यावर जुना उपाय असा, कीं शून्यासाठीं सांच्याबाहेर वेगळें फंक्शन हातानें लिहून ठेवावें. कंपायलरला तें तयार सांपडलें कीं तो सांच्याकडे वळत नाहीं, आणि साखळी तेथेंच तुटते. २०१७ च्या भाषा-मानकानें याहून सोपी सोय केली. ‘इफ कॉन्स्टएक्स्पर’ नांवाची नवी अट आली. तिचा निकाल स्वयंपाकाच्या वेळींच लागतो, आणि सांच्यांत टाकून दिलेल्या वाटेचें फंक्शन पाडलें जात नाहीं. ही सुधारणा व्हावयास सांचा आल्यापासून जवळजवळ तीस वर्षें लागलीं, हें मात्र नवलच.

कोणी विचारील, कीं हें आवर्तन कधींच संपणार नाहीं असें कंपायलरला आधींच कळूं नये काय? उत्तर असें, कीं सर्व प्रसंगीं तें कळणें अशक्य आहे. अ‍ॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालींच सिद्ध केलें, कीं कोणताहि प्रोग्रॅम पुढें ठेवावा आणि तो थांबेल कीं नाहीं हें अचूक सांगावें, अशी सर्वसामान्य रीति असूंच शकत नाहीं. आणि सी प्लस प्लसचे सांचे इतके समर्थ निघाले, कीं कोणतीहि गणना त्यांच्याद्वारें मांडतां येते. म्हणून ज्ञानाच्या जागीं मर्यादा बसवावी लागली. १९९८ च्या मानकानें सांच्याच्या खोलीसाठीं सुचविलेला किमान आंकडा होता १७. म्हणजे सतरा पायऱ्यांपलीकडे कोणी भरंवसा ठेवूं नये. २०११ च्या मानकानें तो १०२४ केला. जी. सी. सी. या सर्वत्र फुकट मिळणाऱ्या कंपायलरनें मात्र आपली मर्यादा ९०० वर ठेवली, आणि कारण स्वतःच्या माहितीपुस्तकांत उघड सांगितलें: कांहीं प्रसंगीं १०२४ पर्यंत पोंचण्यापूर्वींच कंपायलरची स्वतःची स्मृति अपुरी पडूं शकते. प्रत्येक पायरी उतरतांना ‘परत कोठें यावयाचें’ याची टांचणी कंपायलरला ठेवावी लागते, आणि त्या टांचण्यांची चळत ठेवण्याची जागा ठरलेली असते.

दोष कोणता आणि दोष नव्हे तें कोणतें, याचा भेद येथें स्पष्ट होतो. नऊशेव्या पायरीवर थांबून ‘मर्यादा ओलांडली’ असें जो सांगतो, तो कंपायलर सदोष नव्हे; तो आपली पायरी ओळखून आहे. परंतु मर्यादा वाढवून मागितली असतां जो उतरत उतरत एकाएकीं कोसळतो, आणि कोणत्या ओळीमुळें कोसळला हेंहि सांगत नाहीं, त्याचें वर्तन दोषांत मोडतें. क्लँग नांवाचा दुसरा कंपायलर अशा वेळीं जागा संपत आल्याची सूचना आधीं देतो. सूचना दिल्यानें अपघात टळतोच असें नाहीं, पण पडलेल्याला खड्डा कोठें होता तें तरी समजतें.

खोलीइतकाच रुंदीचाहि धोका असतो, आणि त्याकडे लक्ष कमी जातें. एखादा सांचा प्रत्येक पायरीस मागच्या वस्तूच्या दोन प्रती एका पुडक्यांत बांधून पुढें धाडीत असेल, तर तिसाव्या पायरीवर त्या पुडक्याच्या पूर्ण नांवांत मूळ वस्तूचें नांव १०७ कोटींहून अधिक वेळां येतें. पायऱ्या अवघ्या तीस; नऊशेची मर्यादा कोठल्या कोठें दूर. पण चूक दाखविण्याच्या सद्धेतूनें कंपायलर तें नांव संक्षेप न करतां छापावयास निघाला, कीं संगणकाची सारी स्मृति त्या एका नांवांतच खर्ची पडेल.

सांच्यांच्या या सामर्थ्याची पहिली जाहीर प्रचीति मोठ्या गंमतीनें आली. १९९४ सालीं सी प्लस प्लसच्या मानक-समितीच्या बैठकींत एर्विन उनरुह या जर्मन सभासदानें एक प्रोग्रॅम दाखविला. तो प्रोग्रॅम भाषांतरितच होत नसे. पण कंपायलर ज्या चुकांच्या सूचना छापी, त्या सूचनांतून ओळीनें मूळ संख्या बाहेर पडत. दोन, तीन, पांच, सात! पंगत मांडलीच नाहीं, आणि स्वयंपाकघरांतल्या कुरकुरींतून गणित सुटलें.

आतां जो प्रकार सांगावयाचा आहे त्यावर वाद फार झाले. २०११ च्या मानकानंतर फंक्शनच्या उत्तराचा प्रकार कोणता, हें त्याच्या मथळ्याच्या शेवटीं एखाद्या हिशेबानें सांगतां येऊं लागलें. मग कित्येकांनीं कितीहि संख्यांची बेरीज करणारा आवर्ती सांचा लिहिला, आणि मथळ्यांतल्या त्या हिशेबांतच त्या फंक्शनचें नांव घेतलें. दोन संख्या दिल्या, उत्तर आलें. तीन दिल्या, आणि कंपायलर म्हणाला, या नांवाचें योग्य फंक्शन मला दिसत नाहीं. लिहिणाऱ्यांना हा कंपायलरचा धडधडीत दोष वाटला. दोन चालतात आणि तीन कां चालूं नयेत?

कारण बारशांत आहे. मथळा पुरा होईपर्यंत त्या फंक्शनचें बारसें झालेलें नसतें, असा भाषेचा नियम. बारशापूर्वीं पाळण्यांतल्या मुलाला नांवानें हांक मारली, तर ओ कोण देणार? दोन संख्यांच्या वेळीं मथळ्यांतली हांक एका संख्येसाठीं आधींच लिहून ठेवलेल्या फंक्शनला जात होती, म्हणून निभावलें. तीनांच्या वेळीं ती स्वतःलाच मारावी लागली. एवंच, या प्रकरणीं कंपायलर निर्दोष होता आणि नियमच गैरसोयीचा होता. २०१४ च्या मानकानें उत्तराचा प्रकार फंक्शनच्या अंगांतून ओळखण्याची मुभा दिली, आणि अंग बारशानंतर येत असल्यामुळें ही अडचण बव्हंशीं मिटली.

अशा वेळीं ‘दुसऱ्या कंपायलरला विचारून पाहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट नाहीं, पण निर्णायकहि नाहीं. सांच्याचा मजकूर वाचतांक्षणीं त्यांतील नांवें एकदां तपासावीं आणि चकती घातल्यावर पुन्हां तपासावीं, असा मानकाचा दंडक १९९८ पासून होता. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनें तो पाळण्याची सोय २०१७ सालीं केली, तीहि विशेष आज्ञा दिली तरच. तोंवर एकाच मजकुरास एक कंपायलर होकार देई आणि दुसरा नकार. येथें बहुमत कामाचें नाहीं. मानक-ग्रंथ उघडून कलम वाचावें लागतें.

खोलीची अडचण ज्यांना खरोखरच येते त्यांनीं एक जुनी युक्ति वापरली. एकपासून हजारापर्यंतची बेरीज एकेक उतरून केली तर पायऱ्या हजार. पण यादीचे दोन भाग करावे, प्रत्येकाचे पुन्हां दोन, असें केलें तर खोली अवघी दहा. पाडावयाचीं फंक्शनें हजाराच्या घरांतच राहतात, परंतु परतीच्या टांचण्यांची चळत दहांवर येते. ही अर्ध्याची युक्ति परकी नव्हे. छंदःशास्त्रकार पिंगलानें, ज्याचा काळ इसवी सनापूर्वीं तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास धरतात, म्हणजे भाज्याचीं लेणीं खोदलीं जात होतीं त्याच्या मागेंपुढें, लघु-गुरूंचे एकूण प्रकार मोजण्याची रीति दिली आहे. अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करावी, विषम असेल तर एक वजा करावा, शून्यापर्यंत जावें, आणि परत येतांना निम्मे केलें तेथें वर्ग करावा, एक वजा केला तेथें दुप्पट करावी. दहा अक्षरांसाठीं दहा, पांच, चार, दोन, एक, शून्य. म्हणजे दहांऐवजीं पांच पावलें. आणि उत्तर येतें १०२४, योगायोगानें हल्लींच्या मानकाचा आंकडा.

आतांपर्यंतचे घोटाळे बोलके होते. कंपायलर थांबला, ओरडला किंवा कोसळला, तरी निदान कळलें. मुका दोष याहून भयंकर. शुद्ध मजकुराचें तो अशुद्ध भाषांतर करतो, आणि कोणासहि सुगावा लागत नाहीं. २०११ सालीं अमेरिकेंतील यूटा विद्यापीठाच्या चार संशोधकांनीं, जॉन रेगर हे त्यांतील एक, याचा पडताळा प्रसिद्ध केला. सी भाषेंतील वाटेल तसे पण नियमशुद्ध प्रोग्रॅम यंत्राकडूनच रचून घ्यावयाचे, ते अनेक कंपायलरांना द्यावयाचे आणि उत्तरें ताडून पाहावयाचीं, अशी त्यांची सरळ रीति. तीन वर्षांत पूर्वीं अज्ञात असे सव्वातीनशेंहून अधिक दोष त्यांनीं कंपायलर करणाऱ्यांना कळविले. तपासलेला प्रत्येक कंपायलर कधीं ना कधीं कोसळला, आणि प्रत्येकानें कधीं ना कधीं मुकाट्यानें चुकीचें भाषांतर केलें. रुग्णालयांतलीं यंत्रें, पेढ्यांचे हिशेब, विमानांचीं नियंत्रणें यांचे प्रोग्रॅम अशाच दुभाष्यांच्या हातून जातात, हें लक्षांत आणलें म्हणजे या आंकड्याचें वजन कळतें.

कंपायलरची स्वतःची परीक्षाहि आवर्तनानेंच घेतात. जी. सी. सी. प्रथम १९८७ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं प्रसिद्ध केला. २०१३ पासून त्याच्या स्वतःच्या मजकुराचें भाषांतर करावयास सी प्लस प्लसचाच कंपायलर लागतो. तो तीन पायऱ्यांनीं उभारतात. संगणकावर आधींच असलेल्या कंपायलरकडून नव्याचें भाषांतर करवितात. त्या भाषांतरिताकडून त्याच मजकुराचें पुन्हां. आणि त्याच्याकडून तिसऱ्यांदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीचें फळ अक्षरशः सारखें आलें पाहिजे. फरक पडला तर कोठें तरी दोष आहे. ही परीक्षा उत्तम, पण अभेद्य नव्हे. केन टॉम्प्सन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग-पारितोषिकाच्या व्याख्यानांत दाखवून दिलें होतें, कीं कंपायलरांत बुद्ध्या पेरलेलें कपट प्रत्येक नव्या पिढींत स्वतःला उतरवीत राहूं शकतें, आणि मूळ मजकूर कितीहि वाचला तरी त्यांत तें सांपडत नाहीं.

हें शास्त्र परदेशांतच शिकावें लागतें असें नाहीं. मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकारानें जी. सी. सी. च्या अभ्यासाचें केंद्र चाललें, आणि त्या अवाढव्य प्रोग्रॅमची आंतील रचना विद्यार्थ्यांस उलगडून दाखविणाऱ्या कार्यशाळा तेथें भरल्या. कंपायलर वापरणारे पुष्कळ, त्याच्या पोटांत शिरणारे थोडे. ही तूट आपल्याकडे मोठी आहे, आणि ती भरून काढण्याचे असे प्रयत्न वाजवीपेक्षां कमी ऐकूं येतात.

शेवटीं प्रश्न उरतो हिंजवडीहून उशिरां परतणाऱ्या त्या तरुणाचा. आपला संशय खरा कीं खोटा हें त्यानें ठरवावें कसें? या धंद्यांत एकच रीति मान्य आहे, आणि ती वेळखाऊ आहे. दहा हजार ओळींच्या प्रोग्रॅमची एक प्रत घ्यावी. तींतील कांहीं ओळी काढाव्या आणि दोष टिकतो कीं जातो तें पाहावें. टिकला तर त्या ओळी निरपराध. गेला तर परत घालाव्या. असें करीत करीत बहुधा दहा-वीस ओळी उरतात. हें छाटणीचें काम करणारीं यंत्रेंहि आतां आहेत, त्यांपैकीं एक यूटाच्याच मंडळींचें, पण हातानें केल्यास समजूत अधिक वाढते. कारण त्या दहा-वीस ओळींत पुष्कळदां लिहिणाऱ्याचीच चूक उघडी पडते: शून्याचें फंक्शन सांच्याच्या खालीं लिहिलेलें असतें, किंवा उणे अंकाचा विचार राहिलेला असतो. आणि ती तशी पडली नाहीं, मानकांतलें कलमहि त्याच्या बाजूनें निघालें, तर त्याच ओळी, कंपायलरच्या आवृत्तीचा आंकडा आणि दिलेल्या आज्ञा यांसह, तो कर्त्यांकडे पाठवितो. दोष मान्य होऊन दुरुस्त झाला म्हणजे त्या दहा-वीस ओळी फेंकून देत नाहींत. जी. सी. सी. च्या परीक्षासंग्रहांत अशा हजारों चिमुकल्या प्रोग्रॅमांची भरती झालेली आहे, आणि नवी आवृत्ति बाहेर पडण्यापूर्वीं ती त्या सर्वांवरून चालवून पाहतात.